आयबीएसची आहारवही : प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५

१० जून

वहीचं काम आजपासून सुरू.

साताऱ्यातल्या आमच्या दवाखान्यात आयबीएसचे (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे तपासण्या नॉर्मल येऊनही पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी राहणारा आजार) रुग्ण येतात तेव्हा त्यांच्या पिशवीत दोन गोष्टी हमखास असतात. एक, सोनोग्राफी आणि कोलोनोस्कोपीचे नॉर्मल रिपोर्ट. दुसरी, 'काय खाऊ नये' याची झेरॉक्स. ती कुठल्यातरी इंग्रजी तक्त्यावरून उतरवलेली असते, त्यामुळे तिच्यात आर्टिचोक असतं, ॲस्परॅगस असतं. मटकी नसते, वालाचं बिरडं नसतं, कांदा-लसूण मसाला तर नसतोच. रुग्ण ती वर्षानुवर्षं पाळतात, वजन घटवून बसतात आणि पोट होतं तिथेच राहतं.

म्हणून आपल्या स्वयंपाकघराची मराठी वही करायची. डॉक्टरांनी होकार दिला, एका अटीवर: "वही तुम्ही करा, निदान मात्र माझ्याकडे." अट रास्त आहे.

चौकट फंक्शनल मेडिसिनची, म्हणजे आजाराच्या मुळाशी जाऊन आहार आणि दिनचर्येतून उपाय शोधू पाहणाऱ्या विचाराची, घेते आहे. जेफ्री आणि सुझन ब्लांड यांनी १९९१ मध्ये अमेरिकेत या विचाराची संस्था काढली. त्यांची पाच पायऱ्यांची मांडणी अशी: त्रास देणारं काढा, कमी पडतंय ते पुरवा, चांगले जिवाणू रुजवा, आतड्याचं अस्तर सावरा, दिनचर्या ताळ्यावर आणा. रुग्णाला तासभर बसवून त्याची हकीकत ऐकायची, 'हे कधीपासून, त्याआधी काय घडलं होतं' असं मागे मागे जायचं, ही यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी सवय. याच नावाखाली महागड्या तपासण्या आणि डब्यांनी पावडरीही विकल्या जातात. पुराव्यावर टिकेल तेवढंच वहीत येईल.

१३ जून

पहिलं पान: ही वही कोणी वापरू नये.

शौचातून रक्त, विनाकारण वजन घटणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, हिमोग्लोबिन उतरलेलं, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग. यातलं काहीही असेल तर वही मिटून आधी डॉक्टरांकडे. जुलाबाचा त्रास असणाऱ्यांची कॅलप्रोटेक्टिनची (आतड्याला सूज असेल तर मळात वाढणारं प्रथिन) शौचतपासणीही डॉक्टर बघतील, कारण आतड्याला सूज आणणारे आजार सुरुवातीला आयबीएससारखेच दिसू शकतात.

निदानासाठी २०१६ चे रोम-४ निकष, म्हणजे अशा आजारांच्या निदानासाठी तज्ज्ञांनी ठरवलेल्या अटी: गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी किमान एक दिवस पोटात दुखणं आणि त्या दुखण्याचा शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी किंवा मळाच्या स्वरूपाशी संबंध, या तिन्हींपैकी किमान दोन. त्रासाची सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची हवी. दुखतच नसेल, नुसता गॅस धरत असेल, तर या निकषांनी तो आयबीएस नव्हे.

एक सूचना लाल चौकटीत छापायची: गहू सोडण्याआधी सीलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याचं अस्तर बिघडवणारा आजार) रक्ततपासणी करून घ्या. टीटीजी-आयजीए ही तपासणी गहू खाणं चालू असतानाच खरं सांगते. महिनोन्‌महिने चपाती सोडून मग रक्त दिलं, तर आजार असूनही रिपोर्ट निर्मळ येऊ शकतो. इथे बरेच जण कुणाच्यातरी सांगण्यावरून आधी गहू बंद करतात आणि मग आमच्याकडे येतात. त्यांना पुन्हा काही आठवडे गहू खायला सांगावं लागतं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची भीती बघवत नाही.

२० जून

काळरेषेचं पान. आडवी रेघ, डावीकडे 'जन्म', उजवीकडे 'आज'. वर आजारपणं, प्रतिजैविकं, ऑपरेशनं. खाली लग्न, बाळंतपण, बदली, कर्ज, घरातला मृत्यू.

एका बसवाहकांसोबत हे पान आज भरून पाहिलं. वय चाळिशीचं, जुलाबाचा प्रकार. "काय नाय मॅडम, पहिल्यापासून पोटच हलकं," असं म्हणत बसले. रेघेवर खुणा करत गेलो तेव्हा निघालं, की एका लग्नाच्या जेवणातून पंगतच्या पंगत आजारी पडली होती. त्यात हेही होते, दोन दिवस सलाईनवर. त्याआधी पोटाची तक्रार नव्हती. त्याच वर्षी ड्यूटी बदलून महाबळेश्वरच्या गाडीवर आली. "मेढा सोडून केळघर घाट लागला की कळ येतीच. घाटात गाडी थांबवायची कुठं?"

संसर्गानंतर आयबीएस मागे राहतो याचा ठसठशीत दाखला कॅनडातल्या वॉकरटनचा. मे २००० मध्ये तिथल्या नळाच्या पाण्यात ई-कोलाय हा जिवाणू शिरला, पाच हजारांच्या गावात तेवीसशेवर माणसं आजारी पडली, सात दगावली. पुढे संशोधक त्या गावकऱ्यांच्या मागावर राहिले. दोन-तीन वर्षांनी, आजारी पडलेल्यांमध्ये आयबीएसचं प्रमाण न पडलेल्यांच्या कितीतरी वर होतं, आणि आठ वर्षांनीही ते पूर्ण खाली आलं नव्हतं. वाहकांना हे सांगितलं. "म्हंजे माझ्या डोक्यातलं न्हाई हे?" त्यांनी दोनदा विचारलं.

हे पान वहीत राहणारच, जागा कितीही खाल्ली तरी.

२८ जून

स्वीडनमधल्या २०१५ च्या एका चाचणीमुळे वहीचा क्रम बदलला. पंचाहत्तर रुग्णांपैकी निम्म्यांना कमी-फॉडमॅप आहार (नीट न शोषल्या जाणाऱ्या काही शर्करा टाळणारा) दिला, निम्म्यांना नेहमीचा साधा सल्ला: ठरल्या वेळी जेवा, थोडं थोडं खा, तेल-तूप आणि कॉफी आटोक्यात ठेवा, सावकाश चावा. दोन्ही गटांत जवळपास निम्म्यांना आराम पडला आणि गटांमध्ये म्हणावा असा फरक दिसला नाही.

तेव्हा पहिला टप्पा साधाच. न्याहारी चुकवायची नाही, रात्रीचं जेवण दहा वाजता नाही. इसबगोल एका चमच्यापासून, भरपूर पाण्याबरोबर. गव्हाचा कोंडा मात्र नको. विरघळणारा तंतू आयबीएसला मानवतो, कोंड्यानं पुष्कळांचं पोट आणखी फुगतं. ज्याला एवढ्यानं बरं वाटेल त्यानं पुढची पानं उलटायचीच नाहीत.

चहाबद्दल वाद झाला. सहकारी म्हणाली, बंदच करू. मी अडून बसले. कपभर चहात दूध पन्नास मिली धरलं तर लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, अडीच ग्रॅमच्या आसपास. लॅक्टोज न पचणारी बहुतेक माणसंही एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत सोसतात. चहा तोडला तर माणूस वहीच सोडून देईल. रिकाम्या पोटी नको आणि दिवसात दोन-तीन कपांवर नको, एवढंच लिहिलं.

४ जुलै, कांदेनवमी

आज घरोघरी कांदाभजी, कांद्याची थालीपीठं. परवा आषाढी, मग चातुर्मास. कितीतरी घरांतून कांदा-लसूण चार महिने जातो, निदान श्रावणात तरी.

वहीचा दुसरा टप्पा, फॉडमॅप काही आठवडे वर्ज्य करण्याचा, श्रावणावर का बसवू नये? मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी फॉडमॅपची कल्पना मांडली. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या या छोट्या साखळ्यांच्या शर्करा, आणि त्यातला मोठा वाटा फ्रुक्टनचा. आपल्याकडे फ्रुक्टन येतं ते मुख्यतः गहू, कांदा आणि लसणातून. वर्ज्य टप्पा दोन ते सहा आठवड्यांचा. श्रावण त्यात बरोबर बसतो. जेवणातून कांदा काढला की 'हिला काय झालंय' असं एरवी सगळं घर विचारतं. श्रावणात कुणी विचारणार नाही.

पण श्रावणाचं ताट म्हणजे कमी-फॉडमॅप ताट नव्हे, हे ठळक लिहायला हवं. कांदा जातो आणि त्याच्या जागी वालाचं बिरडं, मटकीची उसळ, पुरण, जिवतीच्या शुक्रवारचे चणे-फुटाणे, वर दुधाचे पदार्थ येतात. फ्रुक्टन कमी झाले, पण डाळी-कडधान्यांतले गॅलॅक्टन आणि दुधातलं लॅक्टोज वाढलं. श्रावण पाळूनही पोट फुगतं म्हणणाऱ्यांचं कोडं इथे सुटावं.

९ जुलै

स्वयंपाकघरातला दिवस. लसणाची चव ठेवायची आणि फ्रुक्टन टाळायचे.

फ्रुक्टन पाण्यात विरघळतात, तेलात नाही. म्हणून अख्ख्या पाकळ्या ठेचायच्या नाहीत, नुसत्या सोलायच्या. मंद आचेवर तेलात टाकायच्या, कडा बदामी होईपर्यंत थांबायचं, झाऱ्यानं एकूण एक पाकळी काढून घ्यायची, आणि मगच त्या तेलात मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता. पाकळी आत असताना भाजी किंवा पाणी घातलं तर सगळं वाया, कारण पाण्याबरोबर फ्रुक्टन रश्शात उतरतात. याच तेलात दोडक्याची भाजी केली. चाखणाऱ्यांना लसूण नाही हे सांगूनही पटेना. एक सूचना जोडायची: हे तेल करून साठवून ठेवू नका, लसूण घातलेल्या तेलात बोटुलिझमचा (जिवावर बेतू शकणारी अन्नविषबाधा) धोका असतो. रोज ताजी फोडणी.

कांद्याच्या पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा गड्डा नाही. पोह्यांत कांद्याऐवजी बटाटा आणि वरून ती हिरवी पात. भाकरी ज्वारीची किंवा तांदळाची. कांदा-लसूण मसाल्याऐवजी घरचा गोडा मसाला. धणे, तीळ, खोबरं, दगडफूल, त्यात कांदा नसतोच. साताऱ्या-कोल्हापूरकडच्या माणसाला हा बदल जड जाणार, म्हणून लाल मिरची, धणे, तीळ, खोबऱ्याचा एक झणझणीत पर्याय भाजून ठेवला.

डाळ पूर्ण तोडायची नाही. रात्रभर भिजवून पाणी ओतून द्यायचं, भरपूर पाण्यात शिजवून तेही काढायचं. गॅलॅक्टन बऱ्यापैकी निघून जातात. मग थोडंसं वरण पुरे. हिंगाच्या डबीवर घटक वाचायला सांगितलंय. बांधणीच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. चिमटीभर हिंगातलं पीठ आयबीएसवाल्याला बाधणार नाही, सीलिॲक असेल त्यानं मात्र बिनगव्हाचाच घ्यावा.

१६ जुलै

पाच पायऱ्यांतल्या मधल्या तिघींचा निकाल लावला.

पुरवणं: पचनाला मदत करणारी विकरं, लॅक्टेज दुधासाठी आणि अल्फा-गॅलॅक्टोसिडेज कडधान्यांसाठी, दोन्हींना आधार आहे, ज्याला त्याचाच त्रास असेल त्याच्यापुरता. जठरातलं आम्ल वाढवण्याच्या गोळ्या वगळल्या.

जिवाणू: अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीची २०२१ ची मार्गदर्शिका आयबीएससाठी प्रोबायोटिक (चांगल्या जिवाणूंच्या गोळ्या-कॅप्सूल) सुचवत नाही, चाचण्या लहान, प्रत्येकीत वाण वेगळा. महिन्याला हजारभर रुपयांची कॅप्सूल मी कुणाच्या माथी मारणार नाही. सोसत असेल तर घरचं ताक प्यावं.

अस्तर: ग्लुटामिन या अमिनो आम्लाची २०१९ ची एक चाचणी खरोखर चकित करणारी आहे, ग्लुटामिन घेणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के सुधारले आणि ग्लुटामिन नसलेली पावडर घेणाऱ्यांपैकी सुमारे सहा टक्के. पण ते सगळे संसर्गानंतरच्या जुलाबवाल्या आयबीएसचे आणि अस्तर गळतं असल्याचं आधी तपासून निवडलेले. तेवढ्यावरून सरसकट सगळ्यांना द्यायला मन धजत नाही. डॉक्टरांच्या पानावर टीप ठेवली.

दुपारी एक कॉलेजची मुलगी आली, हातात 'अन्न असहिष्णुते'चा रंगीत रिपोर्ट. तांदूळ लाल, दूध लाल, शेंगदाणा लाल, हळदसुद्धा लाल. तिच्या वडिलांनी त्यावर महिन्याच्या पगाराचा चांगलाच भाग घातला होता. रक्तात एखाद्या पदार्थाच्या आयजीजी प्रतिद्रव्यांचा अंश दिसणं हे बहुतेकदा एवढंच सांगतं की तो पदार्थ तुम्ही खात आला आहात. तीच मार्गदर्शिका अशा तपासण्या सरसकट करू नका म्हणते. मुलगी गेले काही महिने भगर आणि बटाट्यावर जगत होती. तिला दुसऱ्या टप्प्यात घेणार नाही. तिच्या ताटात आधी भर घालायची आहे. वर्ज्य आहार सगळ्यांसाठी नसतो. वजन कमी असलेल्यांना आणि अन्नाची धास्ती घेतलेल्यांना तो अपाय करतो.

२५ जुलै, श्रावणारंभ

दुसरा टप्पा सुरू. साध्या सल्ल्यानं ज्यांचं भागलं नाही तेच यात.

मोजमापाला आयबीएस-एसएसएसची प्रश्नावली: पाच प्रश्न, प्रत्येकी शंभर गुण, एकूण पाचशे. तीनशेच्या वर म्हणजे तीव्र. पन्नास गुण उतरले तर खरा आराम धरतात. मळासाठी ब्रिस्टल तक्ता, सात प्रकार, आपल्या शब्दांत. पहिला शेळीच्या लेंड्यांसारखा, चौथा मऊ आणि सलग, सातवा निव्वळ पाणी. लाजऱ्या माणसांनाही नुसता आकडा लिहिता येतो. शाळेतल्या एक शिक्षिका म्हणाल्या, नवऱ्याजवळही हे कधी बोलले नव्हते.

४ ऑगस्ट

या शिक्षिकांच्या घरी गेले. एकत्र कुटुंब, स्वयंपाक सासूबाईंच्या हातात. सासूबाई वही उलटीपालटी करत म्हणाल्या, "अगं, हे तर आमच्या चातुर्मासाचंच जेवण की! मला आधी सांगायचं नाहीस का गं?" मग त्यांनी पडवळ, दुध्या, लाल भोपळा, अळूवड्या अशी यादी सुरू केली. बेसन पोटाला जड जातं म्हटल्यावर अळूवडीला तांदळाचं पीठ आणि चिंच-गूळ लावून बघते म्हणाल्या. वेगळं पातेलं चढवावं लागलं नाही, हा त्या घरातला सगळ्यात मोठा फायदा. सुनेचं पथ्य म्हणून वेगळा स्वयंपाक सुरू झाला की तो महिनाभरही टिकत नाही, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे.

१५ ऑगस्ट

बसवाहकांचे गुण उतरलेत, पण घाट अजून जिंकलेला नाही. सुट्टीच्या दिवशी काहीही त्रास नाही, ड्यूटीला दोन वेळा धावपळ. जेवण तेच.

पाचवी पायरी इथे कामाला येते. आयबीएसच्या आतड्यात वायू इतरांपेक्षा फार जास्त नसतो. नॉटिंगहॅमच्या एमआरआय अभ्यासांत हे दिसलं. ताण तेवढाच पडतो, दुखणं जास्त जाणवतं. मेंदू आणि आतडं यांच्यामधला आवाज वाढलेला असतो. मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी १९८४ मध्ये पोटावर केंद्रित संमोहनाची पहिली चाचणी केली. २०१६ मध्ये मोनाशच्याच गटाला हे संमोहन कमी-फॉडमॅप आहाराइतकं गुणकारी दिसलं. जर्मनीतल्या एका चाचणीत योगाचा परिणामही त्या आहाराच्या तोडीचा निघाला.

साताऱ्यात असं संमोहन शिकलेलं कुणी मला ठाऊक नाही, योगशिक्षक मात्र गल्लोगल्ली आहेत. वाहकांना पोटानं श्वास घ्यायला शिकवलं: नाभीवर तळहात, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. मेढ्याच्या स्टॉपपासूनच सुरू करायचं, कळ यायची वाट बघायची नाही. नाश्ता गाडी निघण्याच्या दीड तास आधी, म्हणजे जेवणानंतर आतड्याला येणारी जोराची हालचाल घरीच उरकते.

२४ ऑगस्ट

श्रावण संपला. आता तिसरा टप्पा, आणि माझ्या मते सगळी वही यासाठीच आहे.

बरं वाटू लागलेल्या माणसाला कांदा परत खा म्हणणं कठीण. एक आजोबा हात जोडून म्हणाले, "बाई, आता आहे ते बरं आहे, कशाला छेडता?" त्यांना समजावत बसले. फ्रुक्टन आणि गॅलॅक्टन हे आतड्यातल्या बायफिडो जिवाणूंचं खाद्य आहे. वर्ज्य आहारात या जिवाणूंची संख्या घटते हे चाचण्यांत दिसलंय. शिवाय सगळ्यांना सगळंच बाधत नाही. काढलेल्यातलं नेमकं काय बाधतं हे परत खाल्ल्याशिवाय कळणार कसं? काढून थांबणं म्हणजे अर्धाच उपचार. झेरॉक्सवाल्यांचं नेमकं इथेच बिनसतं.

पद्धत: एका वेळी एकच गट. तीन दिवस, रोज मात्रा वाढवत, बाकी जेवण तसंच. मग दोन-तीन दिवस विसावा. लॅक्टोजला दूध, फ्रुक्टोजला मध, मॅनिटॉलला (हाही फॉडमॅपचाच एक प्रकार) फ्लॉवर, गॅलॅक्टनला मटकी. गहू, कांदा आणि लसूण तिन्ही फ्रुक्टनचेच, पण तपासायचे वेगवेगळे, कारण एक बाधतो आणि दुसरा चालतो असं सर्रास होतं.

३ सप्टेंबर

गौरी-गणपतीत चाचण्या थांबवल्या. उकडीचा मोदक तांदूळ, नारळ, गुळाचा. एक-दोन निश्चिंत खावेत. गौरीच्या नैवेद्याची पुरणपोळी म्हणजे गहू आणि हरभरा डाळ एकाच घासात, त्यामुळे त्रास झालाच तर कशानं झाला हे उमगणार नाही. खाऊ नका असं म्हटलं नाही. फक्त त्या दिवसाचं पान कोरं ठेवा म्हटलं.

२२ सप्टेंबर

निकाल हाती येताहेत आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही.

शिक्षिकांना गहू पूर्ण चालला, दोन चपात्या रोज. दूधही चालतं. कांदा शिजवलेला थोडा सोसतो. मटकीनं मात्र दुसऱ्याच दिवशी पोट डब्ब. त्यांची वर्षानुवर्षांची 'चपाती बाधते' ही समजूत मोडली, आणि घरात सगळ्यात जास्त आनंद सासूबाईंना झाला. आजोबांना दूध बाधतं, बाकी सगळं खातात. बसवाहकांना लसूण आणि कच्चा कांदा नको, डाळी चालतात. घाटात या महिन्यात एकदाच गडबड झाली, तीही पुलावाच्या जेवणानंतर.

एकांना आहारानं काडीचा फरक पडला नाही. डॉक्टरांनी आता पित्तआम्लांची शक्यता धरली आहे, म्हणजे पित्तातली आम्लं नीट न शोषली जाता मोठ्या आतड्यात उतरून जुलाब होण्याची; जुलाबाच्या आयबीएसपैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात तो दोष सापडतो. त्यांचा वर्ज्य आहार त्याच दिवशी बंद केला. चार ते सहा आठवड्यांत फरक नाही तर आहार सोडा, हे वाक्य दुसऱ्या टप्प्याच्या प्रत्येक पानाच्या तळाशी टाकलं.

भगर-बटाट्यावरच्या मुलीचं वजन वाढतंय. ती आता पोळी, वरण-भात, अंडं खाते. रंगीत रिपोर्ट फाईलमधून तिनेच काढून टाकला.

१४ ऑक्टोबर

छपाईआधीची शेवटची दुरुस्ती. दिवाळी तोंडावर, म्हणून फराळाचं अर्धं पान वाढवलं. पातळ पोह्यांचा चिवडा शेंगदाणे, खोबरं घालून, लसूण आणि डाळं वगळून. चकली तांदळाच्या पिठाची, भाजणीची नको. बेसनाच्या लाडवाऐवजी नारळी वडी. तळणाचं प्रमाण बघून, कारण तेलकटानं फॉडमॅप नसतानाही कळ येते.

मुद्रकाला सांगायचं: काळरेषेचं पान आडवं आणि दोन पानं जोडून, परत आणण्याच्या तक्त्याला जाड कागद, तिथे सगळ्यात जास्त खाडाखोड होते. सीलिॲकची चौकट लालच हवी. काळ्या-पांढऱ्यात स्वस्त पडेल म्हणाला, पण तिथे काटकसर नाही. पहिल्या प्रती शिक्षिकांच्या सासूबाईंना आणि वाहकांना वाचायला देणार. सासूबाई मसाल्याची प्रमाणं तपासतील. वाहकांनी त्यांच्या डेपोतल्या आणखी दोघांसाठी वही आधीच मागून ठेवली आहे. त्या दोघांना आधी डॉक्टरांना भेटायला सांगितलंय, सोमवारी सकाळी.